धागा: चाऱ्याच्या गवताला स्फुरद कशातून द्यावा? सुपर, डीएपी की रॉक फॉस्फेट

चारावैरण

चाऱ्याच्या गवताला खत द्यायचं म्हणजे कापणी झाली की युरिया फेकायचा, एवढंच बहुतेक ठिकाणी चालतं. दोन-तीन वर्षांत ठोंब विरळ होतो, फुटवे कमी निघतात, आणि "बेणं जुनं झालं" म्हणून नव्या जातीची शोधाशोध सुरू होते. पुष्कळदा बेण्यात काही खोट नसते, जमिनीतला स्फुरद (फॉस्फरस) उपसून निघालेला असतो.

संकरित नेपियर गवताचा हिशेब मांडतो. को-४, को-५, फुले जयवंत, बीएनएच-१०, डीएचएन-६, कुठलीही जात घ्या. एकरी ८० टन हिरवा चारा निघाला तर त्यात कोरडा भाग साधारण २० टक्के, म्हणजे १६ टन. कोरड्या चाऱ्यात फॉस्फरस ०.२ टक्के धरला तर ३२ किलो. खताच्या गोणीवरचा स्फुरदाचा आकडा पी२ओ५ (फॉस्फरसचं ऑक्साइड) चा असतो, म्हणून २.२९ ने गुणा. झाले ७३ किलो. लागवडीची सर्वसाधारण शिफारस हेक्टरी ५० किलो स्फुरद, म्हणजे एकरी २० किलो. वर्षाला ७३ किलो बाहेर जातो, आत येतो २०, आणि तोही कित्येक जण फक्त लागवडीच्या वर्षीच देतात.

आता गोण्यांकडे येऊ. ५० किलो सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये (म्हणजे सुपर) १६ टक्क्यांनी ८ किलो स्फुरद, वर ११ टक्क्यांनी साडेपाच किलो गंधक आणि बराच कॅल्शियम. ५० किलो डीएपीत (डायअमोनियम फॉस्फेट) ९ किलो नत्र (नायट्रोजन) आणि २३ किलो स्फुरद. १०:२६:२६ या संयुक्त खताच्या गोणीत ५ किलो नत्र, १३ किलो स्फुरद, १३ किलो पालाश (पोटॅश). रॉक फॉस्फेटमध्ये (दळलेला खनिज दगड) एकूण स्फुरद १८ टक्के किंवा जास्त असतो, पण तो पाण्यात विरघळत नाही. एकरी २० किलो स्फुरद म्हणजे सुपर १२५ किलो (अडीच गोण्या, गुंठ्याला ३ किलोच्या वर थोडं) किंवा डीएपी साडेत्रेचाळीस किलो.

कुठल्या जमिनीत काय चालतं, कसं द्यावं, कुठे फसतं, हे इथे एकत्र करू या. जमिनीचा प्रकार सांगितल्याशिवाय "अमुक खत भारी" असं कृपया लिहू नका.

हिशेबी

आधी पैशाचं बघू, म्हणजे तो वाद मिटेल. डीएपीची गोणी १३५० रुपये धरा. त्यातला ९ किलो नत्र युरियातून घ्यायचा तर १९.६ किलो युरिया लागतो. ४५ किलोची गोणी २६६.५० ला, म्हणजे साधारण ११६ रुपये. उरले १२३४ रुपये, २३ किलो स्फुरदासाठी. किलोला ५३ रुपये ७० पैसे. या दराने सुपरच्या गोणीतला ८ किलो स्फुरद ४३० रुपयांचा होतो.

सुपर ४३० च्या आत मिळत असेल तर डोळे झाकून सुपर. त्याच्या वर जेवढे जास्त द्याल ते साडेपाच किलो गंधकाची किंमत म्हणून द्यायचे. तेवढ्या गंधकासाठी ९० टक्क्यांचं बेंटोनाइट गंधक सहा किलो लागतं, त्याचा दुकानातला भाव विचारून ताडून बघा. वाहतूक आणि मजुरीही विसरू नका, डीएपीच्या मानाने सुपरच्या जवळपास तिप्पट गोण्या उचलाव्या लागतात. भाव बदलले की रीत हीच ठेवून आकडे तेवढे बदला.

काळी_माती

@चारावैरण, जमिनीवरून बोला म्हणालात ते बरं केलंत. मी देशावरच्या भारी काळ्या, चुनखडीच्या जमिनीपुरतं लिहिते.

पहिलं काम, चुनखड आहे का ते बघणं. सुकं ढेकूळ घेऊन त्यावर मंद हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाका. जोरात फसफसलं आणि आवाज आला तर मुक्त चुना भरपूर आहे. सामू (पीएच) ८ च्या वर असेल तर विरघळलेला स्फुरद कॅल्शियमला चिकटून हळूहळू अविद्राव्य होत जातो. टाकलेल्यातला १५ ते २० टक्केच पहिल्या पिकाला मिळतो, हे आकडे त्यामुळेच.

अशा जमिनीत खत कुठलं, यापेक्षा ते कुठे पडतं हे जास्त महत्त्वाचं. भुकटी सुपर फोकून कुळवलं की कण न् कण मातीत मिसळतो, चुन्याशी त्याचा संपर्क वाढतो आणि स्फुरद लवकर अडकतो. दाणेदार सुपर किंवा डीएपी एका ओळीत, एकाच पट्ट्यात पडलं की त्या पट्ट्यापुरता स्फुरद इतका दाट राहतो की मुळांना मिळून उरतो.

लागवडीच्या वेळी सरीच्या तळाला खत, त्यावर दोन-तीन बोटं माती, मग कांडी. डीएपी कांडीला चिकटू देऊ नका. डीएपीच्या दाण्याभोवतीची ओल अल्कधर्मी होते, अमोनिया सुटतो आणि कोवळ्या मुळ्या पोळतात. चुनखडीच्या जमिनीवर डीएपी उघडं टाकलं तर हाच अमोनिया हवेत उडून नत्रही वाया जातो.

उभ्या ठोंबांना द्यायचं तर कापणीनंतर लगेच, वाफशावर, ठोंबापासून वीतभर अंतरावर १० ते १२ सेंटीमीटर खोल चर पाडून, खत टाकून बुजवा. बुडख्यावर टाकलेलं सुपर महिनोनमहिने तिथेच पडून राहतं. स्फुरद भारी जमिनीत जागेवरून दोन-तीन सेंटीमीटरच्या वर सरकत नाही, आणि उन्हाळ्यात वरचा थर कोरडा पडला की तिथली मुळं काम करत नाहीत. माती परीक्षणाच्या अहवालात स्फुरद "भरपूर" आणि पीक उपाशी, हे कोडं बहुतेक वेळा असंच तयार होतं.

नवा_गोठा

काळी_माती ताई, दुकानदार सांगतात की सुपर आम्लधर्मी आहे, चुनखडीच्या जमिनीचा सामू कमी करतं, म्हणून आपल्याकडे सुपरच टाका. हे खरं का? दुसरं, पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) टाकलं तर खत कमी करता येईल का?

काळी_माती

@नवा_गोठा दादा, यात अर्धं खरं आहे. सुपरचा दाणा विरघळताना त्याच्याभोवतीचं पाणी खूप आम्ल होतं, सामू दीडच्या आसपास. पण ते दाण्याभोवती काही मिलिमीटरपुरतं, तेही थोडे दिवस. एकरभर जमिनीच्या वरच्या १५ सेंटीमीटर थरात साधारण ९ लाख किलो माती असते. तिच्यात १० टक्के चुना म्हणजे ९० टन चुना. त्यासमोर १२५ किलो सुपर काय करणार? सुपरमधला जिप्सम तर उदासीनच. सुपर घ्या, पण गंधकासाठी आणि किलोमागे स्वस्त पडत असेल म्हणून घ्या.

उलट डीएपीतला अमोनियम नत्र मुळांजवळची माती किंचित आम्ल करतो आणि त्याने स्फुरद उचलायला मदत होते. म्हणून चुनखडीच्या जमिनीत डीएपी वाईट, हेही खरं नाही. दोन्ही बुजवून दिली तर पिकात फारसा फरक दिसत नाही. जिथे वर्षानुवर्षं फक्त युरिया-डीएपी पडतंय तिथे मात्र गंधकाची कमतरता आधी बोलते. कोवळी पानं फिकी पिवळी, जुनी पानं हिरवी, असं दिसलं तर सुपरकडे वळा.

पीएसबी, म्हणजे बॅसिलस, स्युडोमोनास वगैरे, सेंद्रिय आम्लं सोडून स्फुरद मोकळा करतात. पण वरचे ९० टन चुना इथेही आडवे येतात, सोडलेलं आम्ल तिथेच विझतं. शेणखत भरपूर असेल तर उपयोग दिसतो. कांड्या लावण्याआधी लिटरला १० मिली द्रवरूप जिवाणूंच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवा, खर्च किरकोळ आहे. पण त्याच्या भरवशावर खताची मात्रा अर्धी करू नका.

जांभा

कोकणातलं आणि गोव्यातलं चित्र याच्या नेमकं उलटं आहे. जांभी जमीन, सामू ५ ते ६, पाऊस ३००० मिलिमीटरच्या आसपास. इथे स्फुरदाला चुना धरत नाही, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं धरतात, आणि ती पकड चुन्यापेक्षा चिवट. पाण्यात विरघळणारा सगळा स्फुरद एकदम दिला की त्यातला मोठा भाग त्याच हंगामात अडकून बसतो.

म्हणून इथे रॉक फॉस्फेटला खरी जागा आहे. ते विरघळायला आम्ल, ओल आणि कॅल्शियम कमी असलेली माती लागते, तिन्ही गोष्टी जांभ्यात आयत्या मिळतात. केरळात रबर, नारळाला ते वर्षानुवर्षं वापरतात ते याच कारणाने. काळ्या चुनखडीच्या जमिनीत मात्र रॉक फॉस्फेट म्हणजे पैसे पुरून ठेवणं. तिथे ते जसं टाकलं तसंच राहतं.

दोन अडचणी सांगतो. एक, आपल्याकडचा उदयपूरच्या झामरकोटड्याचा किंवा मसुरीचा दगड मंद आहे, ट्युनिशियाच्या गाफ्सासारखा चपळ नाही. त्यामुळे बारीक दळलेलाच घ्या. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे ९० टक्के माल ०.१५ मिलिमीटरच्या चाळणीतून जायला हवा. चिमटीत घेऊन चोळा, पिठासारखा लागला पाहिजे, रवाळ लागला तर परत करा. दोन, नेपियर अधाशी आहे. लागवडीनंतरच्या पहिल्या दीड महिन्यात त्याला तयार स्फुरद हवा, तेवढी वाट रॉक फॉस्फेट बघू देत नाही.

म्हणून लागवडीला दोन्ही द्या. एकरी सुपर ६० ते ६५ किलो सरीत कांडीखाली, आणि रॉक फॉस्फेट १०० किलो आधीच जमिनीत मिसळून. इथे पद्धत उलटी होते बघा. सुपर पट्ट्यात द्यायचं, कारण ते मातीपासून वाचवायचंय. रॉक फॉस्फेट मिसळायचं, कारण त्याला मातीतलं आम्ल भेटायला हवं. पट्ट्यात टाकलेलं रॉक फॉस्फेट तसंच पडून राहतं.

आणि चुना! सामू सुधारायला चुना टाकणार असाल तर त्याच वर्षी रॉक फॉस्फेट टाकू नका, चुना त्याचं विरघळणं थांबवतो. आधी रॉक फॉस्फेट, दोन पावसाळे जाऊ द्या, मग बेताने चुना. आणि चुना आताच हवा असेल तर सुपर घ्या, पण तेही चुन्यात मिसळून नको. चुना महिनाभर आधी मातीत जाऊ दे.

चारावैरण

@जांभा, चोख. एक भर: रॉक फॉस्फेट थेट टाकण्याऐवजी शेणाच्या ढिगात मुरवलं तर दोन्हीकडे चालतं. दोन-तीन टनांच्या ढिगाला १०० ते १५० किलो, थर देऊन, ओल टिकवून, महिन्यातून एकदा पालटून तीन-चार महिने. ओंजळभर माल दाबल्यावर बोटांतून पाणी गळू नये, पण गोळा टिकावा, एवढी ओल पुरे. बाजारात प्रॉम (फॉस्फेटयुक्त सेंद्रिय खत) म्हणून येतं ते याच जातीचं, त्यात एकूण स्फुरद किमान १०.४ टक्के हवा. "एकूण" हा शब्द मात्र ध्यानात ठेवा, सुपरसारखा तो लगेच मिळणारा नसतो.

हिशेबी

माती परीक्षणाबद्दल कोणीच बोललं नाही अजून. अहवालात स्फुरदाचा आकडा दिसतो, पण तो कुठल्या पद्धतीने काढलाय ते बघत नाहीत. उदासीन ते विम्ल (अल्कधर्मी) जमिनीला ओल्सेनची पद्धत, आम्ल जमिनीला ब्रेची. चुनखडीच्या मातीला ब्रेची पद्धत लावली तर चुना ते आम्ल द्रावणच मारून टाकतो आणि आकडा खोटा कमी येतो. उलट, रॉक फॉस्फेट टाकलेल्या जमिनीत आम्ल द्रावणाची पद्धत न विरघळलेला दगडही विरघळवते आणि आकडा फुगतो. प्रयोगशाळेला आधी सांगा.

ओल्सेनने हेक्टरी १० किलोच्या खाली फॉस्फरस असेल तर कमी, १० ते २५ मध्यम, त्यावर भरपूर. हा आकडा फॉस्फरसचा आहे की पी२ओ५ चा, तेही विचारून घ्या, २.२९ पटीचा फरक पडतो. नमुना घेताना खताच्या पट्ट्यातली माती येऊ देऊ नका. ठोंबांच्या दोन ओळींच्या मधून घ्या, आणि जिथे वर्षभर शेण पडतं ती गोठ्याकडची बाजू वगळा.

नवा_गोठा

पानांच्या कडा जांभळ्या झाल्यात, म्हणजे स्फुरद कमी ना?

काळी_माती

कुठली पानं आणि कुठला महिना? खालच्या जुन्या पानांवर जांभळट झाक, ठोंब खुजा, फुटवे कमी, बाकी पान गडद हिरवं, आणि हे पावसाळ्यातही दिसत असेल तर स्फुरदाचा संशय बरोबर. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मात्र नेपियर तसंही जांभळं पडतं आणि वाढ थांबते, ऊन तापलं की आपोआप सुटतं. तेव्हा खत टाकून काही होत नाही.

आणि कोवळ्या पानांवर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरट पट्टे असतील तर तो जस्ताचा तुटवडा. स्फुरद वाढवला की तो आणखी बळावतो. एकरी १० किलो झिंक सल्फेट दोन-तीन वर्षांतून एकदा द्या, पण सुपर किंवा डीएपीत मिसळून नाही, जस्त आणि स्फुरद एकमेकांना धरून बसतात. आठवडाभर पुढेमागे, शेणखतात मिसळून.

गोठ्यातला_वैद्य

जनावराच्या बाजूने थोडं. कोरड्या चाऱ्यात फॉस्फरस ०.२ टक्क्यांच्या खाली गेला की भाकड जनावर कसंबसं निभावतं, दुभत्याला तो पुरत नाही. माजावर उशिरा येणं, भूक मंदावणं, आणि माती, चिंध्या, हाडं चघळणं ही ओळखीची लक्षणं. हाडं चघळणाऱ्या जनावराला बोट्युलिझमचा (जिवाणूच्या विषातून होणारा जीवघेणा आजार) धोका असतो, म्हणून माळावर मेलेल्या जनावरांचे सांगाडे पडू देऊ नका.

म्हशीत व्यायल्यानंतर काही आठवड्यांत कॉफीसारखी लाल-काळी लघवी होणं, हे फॉस्फरसच्या कमतरतेतून होतं. पण गोचीडतापातही लघवी लाल होते आणि दोन्हींचे उपचार वेगळे. घरी प्रयोग करू नका, त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवा.

खताची एक काळजी. सुपर आणि रॉक फॉस्फेट दोन्हींत फ्लोराइड असतं. कुरणावर फोकल्यानंतर चांगला पाऊस पडून पानं धुतली जाईपर्यंत, निदान तीन आठवडे, जनावरं सोडू नका. कापून घालायच्या गवतात खत बुजवून दिलं की हा प्रश्न येत नाही. खताच्या गोण्या गोठ्यात ठेवू नका. खारट चव लागली की जनावर चाटतं, आणि युरिया चाटून तासाभरात दगावू शकतं.

नवा_गोठा

नॅनो डीएपीची बाटली फवारून काम होईल का? ती वाहून न्यायला सोपी.

हिशेबी

अर्धा लिटरची बाटली, त्यात पी२ओ५ १६ टक्के, म्हणजे साधारण ८० ग्रॅम. चारावैरणनी वर मांडलेली उचल एकरी ७३ किलो. पान कितीही चांगलं शोषू दे, बाटलीत नसलेला स्फुरद ते आणणार कुठून? धान्याच्या पिकाला बीजप्रक्रियेत काय होतं तो वेगळा विषय. वर्षाला सात-आठ वेळा कापून नेल्या जाणाऱ्या गवताची भरपाई फवारणीतून होत नाही.

ठिबक असेल तर १२:६१:० हे पाण्यात विरघळणारं खत चांगलं आहे, पण महाग. आणि टाकीत ते कॅल्शियम नायट्रेटबरोबर कधीही नको, पांढरा साका बसतो आणि ड्रिपर बुजतात.

जांभा

मिसळण्याचा विषय निघालाच आहे तर, सुपर आणि युरिया एकत्र करून ठेवू नका. सुपरमधलं पाणी सुटतं आणि काही तासांत लगदा होतो, हाताला चिकटतो, यंत्रातून पडत नाही. मिसळलं तर लगेच टाकून मोकळं व्हा.

डीएपी खरं आहे का हे बघायला चार-सहा दाणे तळहातावर घेऊन थोडा खायचा चुना लावून चोळा. नाकात जाणारा अमोनियाचा उग्र वास आला पाहिजे. तव्यावर मंद आचेवर दाणे फुगतात. दाणेदार सुपर फुगत नाही. डीएपीच्या गोणीत सुपरचे दाणे भरण्याचे प्रकार होतात, तिथे ही परीक्षा कामाला येते. पावती आणि गोणीवरचा बॅच क्रमांक जपून ठेवा. शंका आली तर कृषी विभागाच्या खत निरीक्षकाला नमुना घ्यायला सांगा, फोडलेल्या गोणीचा नमुना चालत नाही.

माळरान

सगळं नेपियरवरच चाललंय. पवना, डोंगरी, मारवेल, कुसळीच्या पडीक कुरणाला काय?

चारावैरण

@माळरान, तिथे नेपियरचं गणित लावू नका. चरणाऱ्या जनावराने खाल्लेला बहुतेक फॉस्फरस शेणातून तिथेच पडतो, लघवीतून जवळजवळ काही जात नाही. बाहेर जातं ते थोडंच. हेक्टरी २० किलो स्फुरद, म्हणजे एकरी सुपरची एक गोणी, पावसाच्या सुरुवातीला फोकून पुरे. पावसाळ्यात गवताची बारीक मुळं अगदी वरच्या थरात पसरलेली असतात, त्यामुळे तिथे फोकलेलं वाया जात नाही. आधी स्टायलो (शेंगवर्गीय चारा) पेरा, मग सुपर टाका. स्फुरदाने आणि गंधकाने शेंगवर्गीय जोर धरतात आणि नत्र तेच आणतात. नुसता युरिया टाकला तर गवत वाढून स्टायलोला दाबतं. स्टायलो कमी स्फुरदातही तगतो, पण मग त्याच्या चाऱ्यातही फॉस्फरस कमीच उतरतो, म्हणून सुपर टाळू नका. आणि कुसळी जास्त असेल तर खताआधी चराई आवरा, कुसळं धरायच्या आत कापा. नाहीतर खत कुसळीलाच जातं.

नेपियरमध्ये मात्र सगळं कापून गोठ्यात जातं. तिथून ते परत शेतात येतं का, यावर खताचं बिल ठरतं. एक गाय दिवसाला १२ किलो कोरडा चारा खाते धरा, ०.२५ टक्क्यांनी ३० ग्रॅम फॉस्फरस. १० लिटर दुधातून साधारण १० ग्रॅम जातो, बाकीचे २० ग्रॅम शेणात. वर दोन किलो गव्हाचा कोंडा घालता, त्यात १ टक्क्याने आणखी २० ग्रॅम, म्हणजे दुधातून गेलेल्याच्या दुप्पट बाजारातून आत आला. चाऱ्यातले २० ग्रॅमच धरले तरी पाच गायींच्या शेणातून वर्षाला ३६ किलो फॉस्फरस, म्हणजे ८० किलोच्या वर पी२ओ५. एकराची सगळी उचल त्यातून भरून निघते.

हिशेबी

शेणखतात स्फुरद पाव टक्का धरला तरी १० टनांत २५ किलो होतो, डीएपीच्या एका गोणीहून जास्त. ट्रॉलीने शेणखत विकणाऱ्यांनी हा हिशेब भावात धरावा. शेण सगळं परत जात असेल तर विकतचा स्फुरद लागवडीलाच लागतो, पुढे माती परीक्षण सांगेल तेवढा. शेण विकलं जात असेल तर दरवर्षी एकरी ७० किलोच्या आसपास विकत घ्यावा लागेल, म्हणजे सुपरच्या जवळजवळ नऊ गोण्या किंवा डीएपीच्या तीन. आणि पालाश तर त्याच्या कितीतरी पटीने निघतो, तो मुख्यतः लघवीत असतो. गोठ्याचं पाणी गटारात सोडू नका.

काळी_माती

उकिरडा उघडा असेल तर त्यातला बराच माल पहिल्या पावसात ओढ्याला जातो. खड्ड्याभोवती हातभर उंच बांध घाला, वर पाचट किंवा जुनं ताडपत्री कापड टाका. बायोगॅसची स्लरी असेल तर स्फुरद तिच्या गाळात बसतो, वरचं पाणी तेवढं पाटात सोडलं तर तो टाकीतच राहतो. ढवळून, एकजीव करून सोडा, आणि दर कापणीला ओळ बदलत जा, म्हणजे पाटाच्या तोंडाशीच सगळं साठत नाही.